रेड नोटिशीविरुद्ध लढणारा प्रत्येक जण चोरच असतो का?

उंबरठा (धागाकर्ता)

‘अमक्याविरुद्ध इंटरपोलचं अटक वॉरंट’ अशी बातमी आली की खालच्या प्रतिक्रियांत निकाल लागूनच गेलेला असतो. चोर आहे, नाहीतर पळाला कशाला? आणि त्याने वकील लावून नोटिशीला आव्हान दिलं तर मग विचारायलाच नको. माझं मत उलट आहे. रेड नोटीस असो वा प्रत्यार्पणाची मागणी, तिच्याविरुद्ध कायद्याने लढणं हा आरोपीचा साधा हक्क आहे. ही यंत्रणा आज जशी चालते ते पाहता तो हक्क आणखी भक्कम व्हायला हवा.

आधी वस्तुस्थिती. इंटरपोलकडे स्वतःचे शिपाई नाहीत. फ्रान्समध्ये ल्यों इथे मुख्यालय आहे, सदस्य देश १९६. एखाद्या देशाचे पोलीस मागणी करतात, मुख्यालय ती तपासतं आणि सगळ्यांना कळवतं, की या व्यक्तीचा ठावठिकाणा शोधा, प्रत्यार्पणाची कारवाई होईपर्यंत तात्पुरतं ताब्यात घ्या. हीच रेड नोटीस, आणि ती फक्त विनंती झाली. तिला किती किंमत द्यायची ते ज्याचा त्याचा कायदा ठरवतो. अमेरिका आणि ब्रिटन नुसत्या रेड नोटिशीवर कुणाला अटक करत नाहीत. काही देशांत मात्र पासपोर्ट स्कॅन झाला की थेट कोठडी.

इंटरपोलच्या घटनेतलं कलम ३ म्हणतं, की राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत संघटनेने पडायचंच नाही. आता हकीम अल-अरैबी आठवा. बहरीनचा फुटबॉलपटू, ऑस्ट्रेलियाने निर्वासित म्हणून आश्रय दिलेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये बायकोसोबत मधुचंद्रासाठी बँकॉकला उतरला आणि बहरीनच्या मागणीवरून निघालेल्या नोटिशीमुळे विमानतळावरच धरला गेला. ज्या देशाच्या भीतीने माणसाने आश्रय घेतला, त्याच देशाच्या सांगण्यावरून त्याच्याविरुद्ध नोटीस काढायची नाही, हे इंटरपोलचं स्वतःचं धोरण. काही दिवसांतच नोटीस रद्द झाली. पण तो सुटला फेब्रुवारी २०१९ मध्ये, कारण बहरीनची प्रत्यार्पणाची मागणी थायलंडमध्ये स्वतंत्रपणे चालू राहिली होती. कोर्टात आणलं तेव्हा अनवाणी होता आणि पायांत साखळदंड. ऑस्ट्रेलियाचं सरकार आणि फुटबॉलविश्व मागे उभं राहिलं नसतं तर काय झालं असतं? ज्यांच्यामागे कुणीच नसतं त्यांचं काय होतं?

रोखठोक

अजिबात सहमत नाही. उदाहरण सोयीचं निवडलंय. अल-अरैबीबद्दल कुणाचंच दुमत नाही, मग त्याच्या आडून बाकीच्यांना का सोडवताय?

मल्ल्या घ्या. एप्रिल २०१७ मध्ये लंडनला अटक, लगेच जामीन. डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टाने प्रत्यार्पणाच्या बाजूने कौल दिला. एप्रिल २०२० मध्ये हायकोर्टात अपील फेटाळलं, मे महिन्यात पुढे जायची परवानगीही नाकारली. झालं? नाही झालं. मग ब्रिटिश सरकार म्हणालं, एक गोपनीय कायदेशीर बाब शिल्लक आहे. त्यावर वर्षांमागून वर्षं गेली. याला तुम्ही हक्क म्हणा, मी याला वेळकाढूपणा म्हणतो. पैसा असेल तोवर तारीख पे तारीख.

आणि भारतातल्या तुरुंगाबद्दलच्या त्याच्या रडगाण्यावर तर बोलूच नका. त्याला जिथे ठेवणार होते त्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ मध्ये उजेड किती येतो हे बघायला ब्रिटिश न्यायाधीशांनी व्हिडिओ मागवला होता! त्याच तुरुंगात दाटीवाटीने पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी कुणी कधी व्हिडिओ मागवला?

अनामिक

रोखठोक यांना +१. वकिलांची चांदी, बाकी काही नाही.

कागदीघोडा

मी अशा प्रकरणांच्या कागदपत्रांत काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट हरवतेय. नोटीस ही एक लढाई आणि प्रत्यार्पण ही दुसरी. दोन्हींची दारं वेगळी, नियम वेगळे, आणि एकीकडे जिंकलात म्हणून दुसरीकडे सुटत नाही. मेहुल चोक्सीची नोटीस डिसेंबर २०१८ मध्ये निघाली आणि २०२२ मध्ये रद्दही झाली. तेव्हा ‘आता सुटला’ अशी ओरड झाली. एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये त्याला अटक झाली ती भारताच्या थेट मागणीवरून, आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पच्या कोर्टाने प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दाखवला. त्यामुळे नोटीस गेली की आरोपी हातचा गेला, ही भीती निराधार आहे.

पहिलं दार ल्योंचं. इंटरपोलच्या फायलींवर देखरेख करणारा एक स्वतंत्र आयोग आहे. त्याच्याकडे अर्ज करायला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबीत लिहायचं. माझ्याबद्दल काय माहिती आहे असं विचारणाऱ्या अर्जाला चार महिने, माहिती काढून टाका म्हणणाऱ्या अर्जाला नऊ महिने अशी मुदत नियमांत आहे. सगळं लेखी, समोरासमोर सुनावणी जवळपास नाहीच. इथे लोक एक घोडचूक करतात. चाळीस पानं ‘माझा राजकीय छळ होतोय’ असं लिहून पाठवतात. त्याने काही हलत नाही. हलतं ते तारखांनी. सरकारवर टीका केली कधी, गुन्हा नोंदला कधी, सहआरोपींना सोडलं कधी. आश्रय दिल्याचं पत्र किंवा दुसऱ्या देशाच्या कोर्टाने प्रत्यार्पण नाकारल्याचा निकाल जोडला असेल तर अर्जाला वजन येतं. शिवाय आरोप तांत्रिकदृष्ट्याही बघायचा. खटल्यासाठी नोटीस हवी तर त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा निदान दोन वर्षं कैदेची असायला हवी, आणि माणसाने नेमकं काय केलं ते मागणीत लिहिलेलं हवं. ‘संगनमताने फसवणूक केली’ एवढ्यावर भागत नाही. दिवाणी स्वरूपाचा व्यापारी तंटा फौजदारीचे कपडे घालून आलाय का, हेही तपासलं जातं.

दुसरं दार कोर्टाचं. तिथले प्रश्न जुनेच: हे कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे का, याच कृत्यासाठी आधी निकाल लागलाय का, ज्या गुन्ह्यासाठी नेताय त्याच्याशिवाय दुसरा खटला चालवणार नाही ना, आणि तिथे छळ किंवा फाशी होणार नाही ना. शेवटच्या प्रश्नाला फार वजन आलं ते १९८९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाच्या सोअरिंग निकालाने. दोन खुनांचा आरोप असलेल्या एका जर्मन तरुणाला ब्रिटन अमेरिकेत पाठवणार होतं. तिथे फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षं ताटकळणं हीच अमानुष वागणूक ठरेल, असं न्यायालय म्हणालं. तो मोकळा सुटला असं समजू नका. फाशीची शिक्षा होणार नाही अशी हमी घेऊन त्याला पाठवलं, खटला चालला, जन्मठेप झाली. हमीवर पाठवलेला माणूस शिक्षेतून सुटत नाही, एवढंच सांगायचंय.

रोखठोक

माहितीबद्दल आभार, पण माझा मुद्दा तिथेच आहे. हमी द्यायची म्हणजे आपल्या कायद्याला दुसऱ्याच्या दारात गहाण टाकायचं. अबू सालेमला पोर्तुगालकडून आणताना फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, असं लिहून दिलं. त्याच खटल्यातल्या इतर आरोपींना अशी सवलत होती का? जो पळाला त्याला कमी शिक्षा, जो इथेच राहिला त्याला जास्त. हा कुठला न्याय?

उंबरठा

हा मुद्दा खरा बोचणारा आहे, मान्य. तरी दुसरी बाजू बघा. ती हमी दिली नसती तर माणूसच आला नसता. आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की सरकारने पोर्तुगालला दिलेला शब्द पाळला पाहिजे. तो मोडला तर पुढच्या मागणीला कुठलं कोर्ट विश्वासाने हो म्हणेल? मग खरे गुन्हेगार परत आणणंच अवघड होईल. याचा फायदा आरोपीच्या वकिलालाच, नाही का?

तुरुंगाचं म्हणाल तर तुमचा राग योग्य आहे, दिशा चुकतेय. परदेशी कोर्टाने उजेड किती हे विचारलं, यात अपमान वाटावा असं काय? कच्च्या कैद्यांसाठी कुणी विचारत नाही हा दोष विचारणाऱ्याचा कसा?

ठेवीदार

वाचत होते, राहवलं नाही. तुम्ही सगळे आरोपी आणि सरकार यांच्यावरच बोलताय. ज्यांचे पैसे बुडाले ते कुठे आहेत या चर्चेत? ल्योंच्या त्या आयोगापुढे आरोपी अर्ज करू शकतो, देश उत्तर देऊ शकतो. बुडालेल्याला तिथे खुर्चीच नाही. प्रत्यार्पणाच्या कोर्टातही नाही. तिथे बाजू मांडतं सरकार, आणि सरकारचं काम ढिसाळ असलं तर आम्ही फक्त बातम्या वाचायच्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने करचुकवेगिरीचा आरोप असलेला शस्त्रदलाल संजय भंडारी याला भारतात पाठवायला नकार दिला. एक मोठं कारण काय, तर तिहारमध्ये खंडणीसाठी छळ होण्याचा धोका. आरोप खरे की खोटे यावर आपल्याकडे खटला चालायच्या आधीच तुरुंगाच्या अवस्थेमुळे दार बंद! संतापायचं कुणावर? न्यायाधीशांवर नाही हो. ज्यांनी तुरुंग असे ठेवले त्यांच्यावर.

कागदीघोडा

ताई, शेवटच्या तीन वाक्यांत तुम्ही आम्हा सगळ्यांपेक्षा मुद्द्याचं बोललात. ढिसाळपणाबद्दल तर शंभर टक्के. तारखा जुळत नाहीत, भाषांतर धड नसतं, एका आरोपपत्रातला परिच्छेद दुसऱ्यात जसाच्या तसा चिकटवलेला असतो. बचावाचा वकील मग फक्त बोट ठेवतो.

मधलावर्ग

कुणीच न काढलेला मुद्दा: नोटीस रद्द झाल्यावर काय? मुख्यालय आपली नोंद पुसतं आणि देशांनाही तसं कळवतं, पण एखाद्या देशाने ती आपल्या सीमेवरच्या यंत्रणेत उतरवून घेतली असेल तर ती तिथून निघेलच याची खात्री कोण देणार? बँका तर नाव एकदा यादीत दिसलं की खातं बंद करून मोकळ्या होतात. आणि नोटिशीखेरीज ‘डिफ्यूजन’ नावाचा प्रकार आहे. त्यात देश आपल्याला हव्या त्या देशांना इंटरपोलच्याच जाळ्यातून थेट विनंती धाडतो. पकडला गेलेल्याच्या दृष्टीने फरक शून्य.

नुकसानभरपाई मागायला जावं तर इंटरपोलला अनेक देशांत न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एका अपील कोर्टाने ते मान्य करून दावा बाहेरच काढला. चुकीच्या नोटिशीने कुणी तुरुंगात राहिलं तर भरपाई कुणाकडे मागायची? रोखठोक, तुमच्याकडे उत्तर आहे?

रोखठोक

याचं उत्तर नाही, आणि हे चूकच आहे हे मान्य. जो देश खोटी मागणी करतो त्याला दंड बसला पाहिजे, काही काळ त्याच्या मागण्या थांबवल्या पाहिजेत. पण म्हणून खऱ्या मागण्यांवर वर्षानुवर्षं काथ्याकूट कशाला? तात्पुरत्या अटकेला कायदा मुदत घालतो. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात आहे, की ६० दिवसांत परदेशातून रीतसर मागणी आली नाही तर सोडून द्या. आरोपीच्या सोयीची मुदत असते, मग शेवटचा निकाल लागल्यावर रवानगीची मुदत का नसावी?

कागदीघोडा

आहे की. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्यात साधारणपणे शेवटच्या निकालानंतर २८ दिवस. घोडं अडतं ते दुसरीकडे. त्या माणसाने आश्रयाचा अर्ज केला असेल तर त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत पाठवता येत नाही.

रोखठोक

बघा! म्हणजे शेवटच्या दिवशी आश्रयाचा अर्ज टाकायचा की झालं. मी काय वेगळं म्हणत होतो?

उंबरठा

अर्ज टाकणं त्याच्या हातात, निकाल लावणं सरकारच्या. खोटा अर्ज असेल तर तीन महिन्यांत फेटाळा, कुणी अडवलंय? तो वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहतो यात बचावाच्या वकिलाचा काय दोष? तुम्ही अर्जाचा हक्कच काढून घ्यायला निघालात, मी फक्त टेबल साफ करा म्हणतोय.

ठेवीदार

तीन महिने कुठल्या सरकारने पाळलेत ते एक उदाहरण द्या, मी लगेच तुमच्या बाजूला येते.