नानावटी सुटला, हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं?

कोर्टकचेरी:
नानावटी खटल्याचा विषय निघाला की तीच गोष्ट ऐकायला मिळते. देखणा नौदल अधिकारी, बायकोचं बाहेर प्रकरण, त्याने प्रियकराला गोळ्या घातल्या, ज्युरीने (म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी) सोडलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. गोष्ट इथेच संपते. पुढचं कुणाला नकोच असतं.

पुढचं असं: ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. म्हणजे कमांडर कावस नानावटी निर्दोष ठरलेच नाहीत. तरी साठ-पासष्ट वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे तो ज्युरीचाच निकाल.

आता २७ एप्रिल १९५९ची दुपार बघा. नानावटींच्या बायकोने, सिल्व्हियाने, प्रेम आहुजाबरोबरच्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर या गृहस्थांनी बायकोला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, सहा वाजता न्यायला येतो म्हणून सांगितलं. तिथून जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, असं खोटं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, ती खाकी पाकिटात घातली. आहुजाच्या ऑफिसात गेले, तो नव्हता. मग त्याच्या घरी, थेट बेडरूममध्ये. तीन गोळ्या. घरातून निघाले दीडच्या सुमारास, गोळ्या सुटल्या चार-वीसला. याला भडक्यात झालेला खून म्हणायचं?

सडाफटिंग:
कलमं पाठ असली की माणूस दिसेनासा होतो, त्यातला प्रकार. घड्याळ लावून संताप मोजायचा का? बायकोने तोंडावर सांगितल्यावर कुणाचं डोकं तीन तासांत थंड होतं? उलट तीन तासांत जास्तच तापतं.
आणि ज्युरीला मूर्ख ठरवण्याआधी हायकोर्टाचा निकाल नीट वाचा. ज्युरीला कायदा समजावून सांगतानाच चुका झाल्या, असं हायकोर्टाने म्हटलंय. म्हणजे सांगणाऱ्याने नीट सांगितलं नाही आणि बदनाम झाले ऐकणारे. ज्या आठ जणांनी साक्षीदार समोर बसून ऐकले, त्यांच्यावर मी तरी जास्त विश्वास ठेवीन.

कोर्टकचेरी:
@सडाफटिंग, मुळात गंमत अशी आहे की संताप हा बचावाचा मुख्य मुद्दा नव्हताच. नानावटींचे वकील कार्ल खंडालावालांनी मांडलं ते झटापटीत चुकून गोळ्या सुटल्याचं. 'सिल्व्हियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का' असं विचारल्यावर आहुजाने उर्मट उत्तर दिलं, पाकिटावर हात टाकला, ओढाताण झाली, असं नानावटींचं म्हणणं. आता आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला फक्त टॉवेल. प्रेतावर तो टॉवेल जसाच्या तसा होता. रिव्हॉल्व्हरसाठी दोन धट्टेकट्टे पुरुष झोंबतात आणि टॉवेलची गाठ सुटत नाही? सगळा बचाव त्या टॉवेलवर अडला.
तेव्हा रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' विकले जायचे म्हणे, नानावटी रिव्हॉल्व्हरच्या खेळण्यांसोबत. लोकांनी पुराव्याचा विनोद केला आणि पुरावा विसरले.

रद्दीवाला:
विसरले नाहीत, विसरायला लावलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने. त्याचे संपादक करंजियांनी नानावटींना हिरो आणि आहुजाला खलनायक करून आठवड्यामागून आठवडे छापलं. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जायचा, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगायची. ज्युरीतले लोक काही कानात बोळे घालून फिरत नव्हते.

सडाफटिंग:
म्हणजे पेपर वाचणारा माणूस विचार करू शकत नाही? मग हायकोर्टाचे न्यायमूर्ती काय पेपर वाचत नव्हते?

उंबरठा:
दोघांचंही चालू द्या, पण मला एक खटकतं. मेलेल्या माणसाची बाजू या सगळ्यात कुठे आहे? आहुजा बायकांच्या नादी लागणारा होता, ठीक आहे, असेल. त्याला फाशीची शिक्षा आहे का? त्याची बहीण मामी आहुजा त्या वेळी घरातच होती. रस्त्यात नानावटींच्या नावाचा जयजयकार ऐकत ती कोर्टाची पायरी चढत असेल. तिच्या बाजूने राम जेठमलानी उभे राहिले, तेव्हा ते अजून मोठे व्हायचे होते.
आणि तुमच्या सगळ्यांच्या कथेत सिल्व्हिया फक्त 'कबुली देणारी'. तिने नवऱ्याच्या बाजूने साक्ष दिली, पुढे त्याच्यासोबत कॅनडाला गेली, हे कुणी बोलत नाही. सडाफटिंग, हेच बाईने केलं असतं, नवऱ्याच्या प्रेयसीला तीन गोळ्या घातल्या असत्या, तर तुम्ही तिचाही संताप असाच समजून घेतला असता?

सडाफटिंग:
हो, घेतला असता.

उंबरठा:
बरं.

रद्दीवाला:
माफीचंही सांगा की. हायकोर्टाचा निकाल लागला त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाशांनी शिक्षा स्थगित केली. राज्यपालांचा अधिकार इथे चालत नाही, असं पुढे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली आणि त्याच सुमारास भाई प्रतापांनाही, म्हणजे आयात परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या सिंधी व्यापाऱ्याला. नानावटी पारशी, मेलेला आहुजा सिंधी; म्हणून माफीही एका पारशाला, एका सिंध्याला. तराजूची दोन्ही पारडी सारखी. नौदलातली आणि दिल्लीतली ओळख नसती तर साध्या खलाशाला हे मिळालं असतं का? माझं उत्तर तयार आहे.

तळटीप:
एक भर घालतो. 'नानावटीमुळे भारतातली ज्युरी गेली' हे वाक्य या धाग्यावर अजून आलं नाही, नवल आहे. येण्याआधीच सांगतो: विधी आयोगाने ज्युरी बंद करा अशी शिफारस १९५८ सालीच केली होती, म्हणजे गोळ्या सुटायच्या आधी. आणि कायद्यातून ती गेली १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत. या खटल्याने तिच्या बदनामीला हातभार लावला, एवढंच म्हणता येईल. पारशी घटस्फोटाच्या खटल्यांत तर न्यायाधीशांच्या मदतीला समाजातले प्रतिनिधी पुढेही बसत राहिले.

कोर्टकचेरी:
@तळटीप, धन्यवाद, हे हवंच होतं. @रद्दीवाला, माफीबद्दल सहमत. पण माफी मिळाली म्हणजे गुन्हा पुसला, असं होत नाही. माफी गुन्हेगारालाच देतात.

सडाफटिंग:
आणि तरीही तो माणूस तीनेक वर्षांतच तुरुंगाबाहेर होता. तुम्ही कागदावर जिंकलात, कोर्टकचेरी. तुमचा तो 'खुनी' कुटुंबासकट कॅनडात २००३ पर्यंत जगला.