फुर्टवेंगलरची १९५१ ची नववी सिंफनी: कोणती आवृत्ती घ्यावी?

तारसप्तक:
दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतला बायरॉइट संगीत महोत्सव पुन्हा सुरू झाला तो २९ जुलै १९५१ रोजी, जर्मन वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलरने सादर केलेल्या बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीने. तिची ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीची सीडी मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. आता ऑर्फेओ आणि बिस या कंपन्यांच्याही सीडी मिळतात. त्यांतला फरक निव्वळ ध्वनिसफाईचा आहे की आणखी काही?

मंद्र:
फरक सफाईचा नसून मूळ फितीचा आहे. ईएमआयची तबकडी १९५५ मध्ये, म्हणजे फुर्टवेंगलरच्या निधनानंतर निघाली, आणि निर्माता वॉल्टर लेग याने तीत रंगीत तालीम व प्रत्यक्ष कार्यक्रम यांचे तुकडे जोडले, असे बहुतेक जाणकार मानतात. ऑर्फेओने २००८ मध्ये बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातली फीत प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येक जागा ईएमआयहून वेगळ्या निघाल्या आणि खरा कार्यक्रम कोणता यावर वाद पेटला. बिसने २०२१ मध्ये स्वीडिश रेडिओवरचे त्या संध्याकाळचे थेट प्रसारण, निवेदने आणि मधल्या शांततेसह, काटछाट न करता दिले. ईएमआयचा आवाज मला आजही अधिक भरीव वाटतो, पण तिसऱ्या भागातला संथ ओघ सलग अनुभवायचा तर बिसची घ्यावी.

जुनी तबकडी:
सफाईचा मुद्दा मात्र इतका गौण नाही. बुश क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाने १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली बेथोव्हेनची ओपस १३२ ही चार तंतुवाद्यांसाठीची रचना घ्या. त्या काळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटे मावत, त्यामुळे आजारातून उठल्यावर लिहिलेला तो दीर्घ, संथ भाग अनेक बाजूंवर विभागावा लागला. पुनर्प्रकाशन करणाऱ्याने खरखर पुसण्याच्या नादात वरच्या पट्टीतले स्वर कापले, की व्हायोलिनच्या तारेवर गज टेकतानाची बारीक घासही जाते आणि चार वाद्ये रजईखाली वाजल्यासारखी वाटतात. मी हेडफोन लावून एवढेच तपासतो, की स्वर विरत जाताना खोलीची गूंज शेवटपर्यंत ऐकू येते की मध्येच कात्रीने कापल्यासारखी थांबते. थोडी खरखर राहिलेली प्रत मी डोळे मिटून घेतो.

तारसप्तक:
दोघांचेही आभार. बिसची मागवतो. ईएमआयची मात्र फडताळातच राहील, कारण शेवटच्या प्रेस्तिस्सिमोत, म्हणजे अतिद्रुत लयीच्या भागात, तो वाद्यवृंद ज्या धापा टाकत मुक्कामी पोहोचतो, त्याची मला आता सवय झाली आहे.