गटारीची रात्र आणि पहाटे ५ ची गाडी

अमोल, बी-४०१ (रा. ११:५२): माझ्या गाडीच्या मागे कुणाची ॲक्टिव्हा आहे? आत्ताच काढून ठेवा प्लीज. पहाटे ५ ला महाबळेश्वरला निघतोय, फॅमिलीसोबत.

सेक्रेटरी: अमोलराव, तुम्ही तर आत्ता गच्चीवर होतात!

अमोल: हो, नऊपासून. चारच लार्ज झाले, आता बंद. चार-पाच तास झोप काढली की एकदम फ्रेश.

कुलकर्णी काकू, ए-१०२: गच्चीवरचं गाणं बंद करा आधी. दिव्याची अवस आहे, घरात दिवे पुजतात आज. तुमचं आपलं भलतंच.

सुनीता, ए-३०४: अमोलभाऊ, झोपल्याने उतरत नाही हो. माझी लेक केबिन क्रू आहे. उड्डाणाआधी १२ तास एक थेंब चालत नाही, वर ड्यूटीआधी मशीनमध्ये फुंकायचं, आकडा शून्यच हवा. पहिल्यांदा सापडलं तर ३ महिने घरी. ती माउथवॉशसुद्धा वापरत नाही, त्यातही अल्कोहोल असतं. तिची ती हिरवी बाटली मी आता आरसा पुसायला घेते.

अमोल: ताई, मी विमान नाही, क्रेटा नेतोय 😄

डॉ. पाटील, बी-२०२: मग लिव्हर वेगळं बसवलंयस का? ३० मिलीचा एक पेग पचायला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. चार लार्ज म्हणजे आठ पेग. नऊला सुरू केलंस, तर पूर्ण उतरायला सकाळचे सात ते नऊ वाजतात. वजन कमी असेल तर आणखी उशीर. पहाटे ५ ला तू खंबाटकीच्या वाटेवर असशील आणि रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वरच. कायद्याची मर्यादा तेवढीच आहे.

अमोल: थंड पाण्याने आंघोळ, दोन कप कडक कॉफी?

डॉ. पाटील: मग जागा झालेला दारुडा गाडी चालवेल. लिव्हर त्याच्या गतीनेच काम करतं.

शिंदे, ए-४०३: आणि नाकाबंदीत जागेवर पावती फाडून सुटका नसते. मोटर वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) लागलं की कोर्ट. पहिल्या वेळी १० हजार दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमच्या ऑफिसातल्या एकाचं झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळीच पकडला होता, घरून डबा घेऊन निघालेला. गाडी ठोकली असती तर तिचा विमाही हातचा गेला असता.

स्नेहल, बी-४०१: मी वाचतेय सगळं. मीच चालवली असती, पण घाटात माझे हातपाय गळतात.

अमोल: अगं तू जागी आहेस?

स्नेहल: गच्ची आपल्या बेडरूमच्या डोक्यावर आहे.

सेक्रेटरी: बरं, ती ॲक्टिव्हा कुणाची ते कळलं का?

कुलकर्णी काकू: माझी आहे. सकाळी पूजा आटोपली की काढते. नऊ वाजतील.