नॅनोफायबरला मणी पडताहेत, मदत हवी आहे (तातडीने)

तालुका_लॅब
इलेक्ट्रोस्पिनिंग करतो, म्हणजे सुईतल्या पॉलिमरच्या द्रावणाला व्होल्टेज देऊन अतिबारीक तंतू (नॅनोफायबर) काढतो. एप्रिल-मेमध्ये एकदम साफ तंतू येत होते. तेच द्रावण, तेच सेटिंग, १५ किलोव्होल्ट, सुई २२ गेज. जुलैपासून नुसते मणी, म्हणजे तंतूवर गोळे. नागपूरहून एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासणी) करून आणलं तर तंतू एकमेकांत चिकटलेले, जाळीच्या जागी पापुद्रा. व्होल्टेज १८ वर नेलं, काही फरक नाही. एसईएमचा पुढचा नंबर सोमवारी आहे. काय बदलू ते पटकन सांगा.

सुई_बावीस
पॉलिमर कोणतं? विरघळवलं कशात? किती टक्के? सुईपासून फॉइलचं अंतर, द्रावणाचा फ्लो, खोलीतली आर्द्रता? यातलं काहीच लिहिलं नाही आणि पटकन उत्तर पाहिजे!

धागादोरा
आर्द्रतेनं तंतूवर छिद्रं पडतात. हवेतलं पाणी थंड झालेल्या जेटवर (सुईतून सुटलेल्या धारेवर) थेंबाथेंबानं बसतं, थेंब उडाला की खड्डा उरतो. तुमचंही तेच असणार. सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) बदला.

सुई_बावीस
@धागादोरा, ते पॉलिस्टायरीनसारख्या पॉलिमरचं, जी पाण्यात विरघळत नाहीत. तसलं पॉलिमर डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये असेल तर पाणी आत शिरून पॉलिमर जेटमध्येच साकळतं, तंतू आतून पोकळ-सच्छिद्र होतो. यांचे तंतू चिकटताहेत. मला पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) दिसतंय.

तालुका_लॅब
हो, पीव्हीएच. पाण्यात ८ टक्के. अंतर १२ सेंमी, फ्लो तासाला ०.५ मिली. आर्द्रता मीटर ७८ टक्के दाखवतं.

सुई_बावीस
मग इथं पाणीच सॉल्व्हंट आहे. हवा आधीच ओली, तर जेटमधलं पाणी उडेल कुठून? जेट जास्त वेळ ओला राहतो. आर्द्रता थोडी वाढली तर तो जास्त ताणला जातो आणि तंतू बारीक निघतो, ते बघून लोक खूश होतात. त्याच्याही वर गेली की पृष्ठताण जिंकतो आणि जेटचे मणी होतात. ओल्या हवेत विद्युतभारही गळतो, म्हणून व्होल्टेज वाढवून हाती काही लागलं नाही.

एक सांगा, खोलीत कूलर चालू असतो का?

तालुका_लॅब
असतो. उकाडा आहे. पण तो मेमध्येही चालूच होता, तेव्हा कुठं मणी पडले?

सुई_बावीस
तिथंच तर गोम आहे भाऊ. मेच्या दुपारी आपल्याकडे बाहेरची हवा १५-२० टक्क्यांवर असते. कूलरनं ती ४०-५० वर आणली, म्हणजे पीव्हीएला हवी तेवढी. आता बाहेरच ८० आहे आणि त्यात कूलरचं पाणी. कूलरचा पंप बंद करा. नुसता पंखाही सुईजवळ नको, जेट हलतो.

कोरडी_हवा
सरळ डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घ्या, विषय संपला.

सुई_बावीस
लाइट गेली की तुमचा विषय पुन्हा सुरू. ६० सेंमीची अॅक्रिलिक पेटी बनवा, २१६ लिटर. ३० अंशांना ८५ टक्के हवेत पेटीभर मिळून जेमतेम साडेपाच ग्रॅम पाणी असतं. ४० वर आणायला ३ ग्रॅम काढायचंय. हिशेबानं १५ ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) पुरावी, पण फटींतून हवा येतच राहते. म्हणून अर्धा किलो, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, सुईपासून लांब. लोखंडी ट्रे नको, ठिणगी पडेल. निळी जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास.

कोरडी_हवा
बंद पेटीत सॉल्व्हंटची वाफ साठते, स्फोट होतो.

सुई_बावीस
पीव्हीएत पाण्याची वाफ, कसला स्फोट? डीएमएफ, क्लोरोफॉर्मवाल्यांनी मात्र बंद पेटी अजिबात वापरू नये. त्यांनी कॉम्प्रेसरची हवा जेलच्या नळीतून सोडावी आणि एक्झॉस्ट ठेवावा.

कापूस_राजा
हा ओलावा मीटर कपाशीला चालते का राजेहो? आमच्याकडे १२ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय (कॉटन कॉर्पोरेशन) घेत नाही.

धागादोरा
नाही चालत. हे हवेचं मीटर आहे. कपाशीला टोचायचं वेगळं येतं.

@तालुका_लॅब, मणी सुईखाली झाले की नागपूरच्या वाटेत? नमुना नागपूरला कशात पाठवला?

तालुका_लॅब
कागदी पाकिटात. आठ दिवसांनी नंबर लागला.

धागादोरा
आठ दिवस पीव्हीएनं पाकिटातला दमट वारा प्यायला. तंतू फुगून एकमेकांत मिसळले, तो तुमचा पापुद्रा. मणी वेगळे, चिकटणं वेगळं. काचेच्या स्लाइडवर अर्धा मिनिट तंतू पकडा आणि लगेच साध्या मायक्रोस्कोपखाली ४० च्या लेन्सनं बघा. तिथं मणी दिसले तर दोष तंतू काढतानाचा. नमुना फॉइलसकट झिप पाऊचमध्ये, आत जेलची पुडी, हवा दाबून काढा.

तालुका_लॅब
स्लाइडवर मणी आहेत, पण तंतू सुटे. म्हणजे दोन्ही गोष्टी. द्रावण १० टक्के केलं तर?

सुई_बावीस
करा, मणी कमी होतील. अंतर १५, फ्लो ०.३. पण एका वेळी एकच बदला. आधी मीटर तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थोडं पाणी, ओल्या वाळूसारखं. मीटरसकट झिप पाऊचमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं.

तालुका_लॅब
६७ दाखवतंय.

सुई_बावीस
आठनं कमी. म्हणजे तुमचे ७८ खरे ८६ होते. मीटर ३२ दाखवेल, म्हणजे खरे ४० असतील, तेव्हा सुई चालू करा. तफावत सगळीकडे सारखी नसते, मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर मिठाच्या जागी ते ठेवून ३३ वरही तपासा. व्होल्टेज देण्याआधी मीटर पेटीच्या कोपऱ्यात सरकवा, नाहीतर आकडे वाटेल तसे येतात.