'होमोफोबिया'ला मराठीत काय म्हणावं? द्वेष, भयगंड की अढी?

अनुवादिका :

एक पुस्तिका मराठीत करतेय. आपला मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे हे नुकतंच कळलंय, अशा आईवडिलांसाठी. मजकूर ४० पानांचा, त्यात 'होमोफोबिया' आणि 'होमोफोबिक' मिळून २३ वेळा आलेत. आत्तापर्यंत तीन शब्द लावून पाहिले. 'समलैंगिकद्वेष' वाचायला मिळतो. 'भयगंड' फोबियासाठी मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत आहेच. 'पूर्वग्रह' त्यातल्या त्यात सौम्य. तिन्ही कुठे ना कुठे अडतात.

का अडतात ते कळायला एक प्रसंग सांगते. गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ, त्याचा जोडीदार आणि मी एसटीने साताऱ्याला चाललो होतो. कात्रजचा बोगदा मागे पडला आणि जोडीदार भावाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. रात्रपाळी करून तसाच स्वारगेटला आला होता. मागच्या सीटवर साठीचे एक काका होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "बायल्यागत चाललंय बघा." आवाज आम्हाला ऐकू यावा इतपत. शेजारी हसला. मग जरा वेळाने 'पावणेआठ' ही शिवी आली, पुन्हा हसू आलं. मी समोरच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन बघत बसले. माझा भाऊ वळला आणि म्हणाला, "काका, तो माझा जोडीदार आहे. रात्रभर ड्यूटी करून आलाय. झोपू द्या त्याला."

मग कोणीच बोललं नाही. शिरवळ गेलं. खंबाटकीचा घाट चढताना मागून आवाज आला, "आईला ठावं हाय का?"

भाऊ म्हणाला, "आहे. दोन वर्षं बोलत नव्हती. आता आमच्याकडेच असते."

साताऱ्याला उतरताना त्या काकांनी वरच्या फळीवरची आमची पिशवी काढली आणि जोडीदाराच्या हातात दिली. त्याच्याकडे न बघता.

या माणसाला माझ्या पुस्तिकेत काय म्हणू? पावणेआठ म्हणणारा तोच आणि पिशवी काढून देणाराही तोच. 'द्वेष्टा' लिहिलं तर घाटातला तो प्रश्न त्यात मावत नाही. 'भयगंड असलेला' लिहिलं तर तो आजारी ठरतो. तुम्ही कोणता शब्द वापराल?

निवृत्त मराठी शिक्षक :

ताई, भयगंड आधी बाजूला ठेवा. पालीला भिणारा माणूस पाल दिसली की पळतो. पालीकडे बोट दाखवून बसभर ऐकू जाईल असं बोलत नाही.

मूळ शब्दच जरा वाकडा आहे. ग्रीकमध्ये 'होमोस' म्हणजे सारखा आणि 'फोबोस' म्हणजे भीती. शब्दशः घेतलं तर 'सारख्याची भीती' एवढाच अर्थ निघतो. जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात तो घडवला. दवाखान्यात समलिंगी माणसांशी नीट बोलणारे त्याचे सहव्यावसायिक दवाखान्याबाहेर त्यांच्या सोबत असायला मात्र बिचकतात, हे त्याने पाहिलं होतं. १९६९मध्ये शब्द छापून आला, १९७२मध्ये वाइनबर्गच्या पुस्तकाने तो सर्वदूर गेला. त्या काळी समलिंगी माणसाला मनोरुग्ण ठरवलं जात होतं. अशा वेळी 'रोग त्यांच्यात नाही, तुमच्यात आहे' असं सांगणारा शब्द काढणं हे मोठं काम होतं, आणि ते त्याने केलं. पण आता त्याच 'फोबिया'ने पंचाईत होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१२मध्ये आपल्या लेखननियमांत राजकीय-सामाजिक बातम्यांत हा शब्द टाळा असं सांगितलं, कारण फोबिया म्हणजे आवरता न येणारी भीती, मनाचा विकार. आपण मराठीत 'भयगंड' करून तीच पंचाईत नव्याने कशाला ओढवून घ्यायची?

माझं मत 'अढी'ला. मनात अढी बसते, अढी धरली जाते, आणि अढी जाऊही शकते. शब्द घरातला आहे. सासूसुनेपासून भाऊबंदकीपर्यंत सगळीकडे आपण तो वापरतो, त्यामुळे पुस्तिका वाचणाऱ्या आईला अर्थ विचारावा लागणार नाही.

कराडचा वाचक :

सरांच्या 'अढी'ला माझं अनुमोदन. मला बोलायचंय ते काकांच्या शब्दाबद्दल.

'बाईल' म्हणजे बायको. तुकोबांच्या अभंगात हा शब्द किती सहज येतो, 'बाईल मेली मुक्त जाली' सगळ्यांना माहीत आहे. त्याच बाईलेचा बायल्या झाला आणि शिवी झाली. छक्का, पावणेआठ हे आकडेही त्याच वाटेवरचे: पुरुष म्हणून कमी भरला, बाईकडे झुकला. समलिंगी पुरुषाला हिणवायचं तर आधी बाईला खाली बसवावं लागतं. माझ्या शाळेत आवाज बारीक असलेल्या एका मुलाला पाचवीपासून दहावीपर्यंत याच नावाने हाक मारली जायची. तशी हाक मारणाऱ्यांत मीही होतो. त्याला मुलगे आवडायचे की मुली, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. मला वाटतं मुळात तो प्रश्नच नव्हता. तो पुरेसा मुलगा नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. आज तो कुठे आहे मला माहीत नाही. भेटला तर माफी मागायची आहे.

आणि बाईवर प्रेम करणाऱ्या बाईसाठी आमच्याकडे अशी शिवीसुद्धा ऐकली नाही. 'मैत्रिणी आहेत' म्हटलं की विषय मिटतो आणि पुढच्या वर्षी दोघींची लग्नं लागतात. हीसुद्धा अढीच म्हणायची की दुसरं काही?

विशीतला वाचक, स्वतः गे :

ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार. पण मला राग येतोय, आणि तो इथे लिहायलाच हवा.

त्याने का वळून समजावायचं? शिवी त्याच्या माणसाला बसली आणि त्यानेच शांतपणे 'काका' म्हणायचं, आईची गोष्ट सांगायची, दोन वर्षांचा अबोला परक्या माणसापुढे उलगडायचा. मराठीत 'समजूत काढणे' म्हणतात. समजूत कोणाची काढतात? जो दुखावलाय, रुसलाय, रडतोय त्याची. त्या बसमध्ये समजूत काढायची होती ती तुमच्या भावाची. काढली गेली काकांची.

दुसरं. 'अढी' मला सगळीकडे चालणार नाही. मी ज्या वसतिगृहात होतो तिथे माझा फोन उघडून मेसेज मोठ्याने वाचले गेले, रात्री दाराला बाहेरून कडी लावली. रेक्टरकडे गेलो तर 'तू जरा नीट राहा' एवढंच ऐकायला मिळालं. मी खोली सोडली, त्यांना काही झालं नाही. त्याला अढी म्हणालात तर तुम्ही माझ्यावरचा दरवाजा पुन्हा लावताय. तो द्वेष होता. कृपा करून तिथे द्वेषच लिहा.

अनुवादिका :

तुझं म्हणणं दोनदा वाचलं. रेक्झिनचं मी लिहिलं ते उगीच नाही. तेव्हा बोलायला हवं होतं मी. शिवी मला नव्हती, मला भीतीही कमी होती, काका माझ्यावर एवढे घसरलेही नसते. भावाला नंतर विचारलं, तू का बोललास? म्हणाला, "तू बोलशील म्हणून मी बोगद्यापासून वाट बघत होतो." त्या वाक्याने मला अजून झोप लागत नाही.

माणूस बदलतो का, याबद्दल जेवढं वाचलंय ते सांगते, कारण पुस्तिकेतही एक प्रकरण त्यावर आहे. २००८मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्ध कौल गेला. त्यानंतर लॉस एंजेलिसमधले कार्यकर्ते विरोधात मत देणाऱ्यांच्याच दारावर जाऊन बोलू लागले. वाद घालायचा नाही, आकडे फेकायचे नाहीत. समोरच्याला विचारायचं, ऐकायचं, स्वतःचं सांगायचं. या पद्धतीने मनं बदलतात असा एक शोधनिबंध २०१४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, खूप गाजला, आणि २०१५मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या माहितीवर विश्वास ठेवता येत नव्हता. ती गडबड ज्यांनी उघड केली त्यांत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे दोघे होते. त्यांनी मग मायामीत स्वतः नीट प्रयोग केला. विषय पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लोकांबद्दलच्या अढीचा होता. ५६ कार्यकर्ते, ५०१ मतदार, दारात साधारण दहा मिनिटांच्या गप्पा. मतदाराला विचारायचे: तुम्हाला कधी कोणी वेगळं ठरवून वागवलंय का? तेव्हा कसं वाटलं? अढी कमी झाली आणि तीन महिन्यांनीही कमीच होती. दारात उभी असलेली व्यक्ती पारलिंगी असो वा नसो, परिणाम झाला.

हे शेवटचं वाक्य मी तुझ्यासाठी लिहिलंय. म्हणजे हे काम ज्याला शिवी बसली त्यानेच करायला हवं असं नाही. माझ्यासारखी बहीण करू शकते. सर करू शकतात. कराडचे दादा तर फारच चांगलं करतील.

आणि क्रियापद बघा ना. 'मी ते मानलं' आणि 'मला ते पटलं' यांत फरक आहे. दुसऱ्यात मी कर्ता नाहीच, गोष्ट येऊन मला पटते. आवडणं, समजणं, उमगणं, सगळी तशीच. 'पटवून देणे' आहे, पण त्यातही माझ्या हातात देण्यापुरतंच असतं. 'गळी उतरवणे' म्हटलं की लगेच जबरदस्ती येते. काकांना काही पटलं का, हे मला ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, एवढं मी ऐकलं.

चेन्नईत राहणारी मराठी वाचक :

इथलं एक उदाहरण तुमच्या दोन्ही प्रश्नांना लागू पडतं. २०२१मध्ये मदुराईहून पळून आलेल्या दोन मुली संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ७ जूनच्या आदेशात लिहिलं की समलिंगी संबंधांबद्दलच्या रूढ कल्पनांतून मीही सुटलेलो नाही. हा आदेश देण्याआधी त्यांनी समुपदेशक मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून हा विषय समजून घेतला होता. 'बरं करण्याचे' उपचार थांबवायलाही सांगितलं. कायदा बदलून तेव्हा पावणेतीन वर्षं झाली होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. म्हणजे कायदा सुटला तरी मनातलं सुटायला त्या न्यायाधीशालाही वेगळं बसावं लागलं, आणि ते त्याने उघडपणे आदेशात लिहिलं. मला यात फार मोठेपणा वाटतो.

पुढचं तुमच्या शब्दचर्चेचं. याच प्रकरणात न्यायालयाने सरकारला तमिळमध्ये सन्मानाचे शब्द ठरवायला सांगितलं, आणि २०२२मध्ये तमिळनाडू सरकारने तशी शब्दसूची राजपत्रात छापली. 'तिरुनंगै' हा पारलिंगी स्त्रीसाठीचा शब्द त्याआधीच रुळला होता. 'तिरु' म्हणजे श्री. माझ्या घरी कामाला येणाऱ्या बाई रस्त्यावरच्या पारलिंगी बाईला सरळ तिरुनंगै म्हणतात. आधी काय म्हणत होत्या ते इथे लिहीत नाही. शब्द बदलला म्हणून त्यांचं मन पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. पण हाक मारताना तोंड वाकडं होत नाही.

निवृत्त मराठी शिक्षक :

थोडं शुद्धलेखनाचं. अनुवादात 'पूर्वाग्रह' लिहू नका, ते हिंदीतून आलंय. मराठीत 'पूर्वग्रह'. 'माझा असा ग्रह झाला', 'ग्रह करून घेऊ नका' म्हणतो तोच हा ग्रह. ग्रह म्हणजे धरून ठेवलेलं, आणि पूर्व म्हणजे आधीच, माणूस बघायच्या आत. 'आग्रह' घुसला की सगळा अर्थ हट्टावर जातो. हट्टी माणसाशी बोलून उपयोग नाही असं आपण गृहीत धरतो. ज्याने नुसता आधी ग्रह करून घेतलाय त्याला माणूस दाखवता येतो.

विशीतल्या मित्राला एक सांगतो. १९३४मध्ये संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाचे होते, समलिंगी संबंधांचे होते. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. बाबासाहेबांना त्या प्रश्नांशी स्वतःचं काही देणंघेणं नव्हतं, तरी उभे राहिले. मी ३१ वर्षं शिकवलं आणि वर्गात 'बायल्या' ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुझं वसतिगृहाचं वाचून मला ते सगळे वर्ग आठवले.

विशीतला वाचक, स्वतः गे :

सर, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. कोणी शिक्षक असं म्हणालेला मी पहिल्यांदा ऐकतोय.

अनुवादिका :

काल रात्री पुस्तिका संपवली. २३ पैकी १४ ठिकाणी 'अढी'. जिथे मारहाण, घराबाहेर काढणं, नोकरीवरून काढणं, कोंडून ठेवणं आहे अशा सहा ठिकाणी 'समलिंगीद्वेष'. 'लैंगिक' हा शब्द आला की अर्धे आईवडील पान उलटतात, म्हणून 'समलैंगिक' नाही, 'समलिंगी'. उरलेल्या तीन ठिकाणी 'होमोफोबिया' देवनागरीत तसाच ठेवला, कारण मुलांच्या तोंडी तोच आहे आणि आईवडिलांनी तो ऐकलेला असणार.

भावाला वाचायला दिली. एका पानावर मुलगा सांगतोय असं वाक्य होतं, ते मी 'माझ्या वडिलांच्या मनात समलिंगी लोकांबद्दल अढी आहे' असं केलं होतं. त्याने पेन्सिलीने तीन शब्द खोडले. आता ते असं आहे: 'माझ्या बाबांच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे.'