'फ्लरिश'मधलं फूल : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

ए-२०४ : नमस्कार मंडळी. मुलीचं शनिवारी शाळेत भाषण आहे, सौंदर्य आणि बहर यांच्या इंग्रजी शब्दांवर. फ्लरिश, ब्युटी, प्रिटी, हँडसम, ग्लॅमर, पल्क्रिट्यूड अशी यादी घेऊन बसली आहे. हे शब्द आले कुठून, कोणी सांगेल का? नेटवर वेगवेगळंच दिसून राहिलं.

सी-१०३ : फ्लरिश 'फ्लोअर'वरून असेल ना जी? जमिनीतून वर येतं ते.

बी-३०१ (निवृत्त शिक्षिका) : नाही भाऊ. फ्लोअर हा जुन्या इंग्रजीतलाच, जर्मन कुळातला शब्द. फ्लरिशचं मूळ लॅटिन. 'फ्लोस' म्हणजे फूल, त्यावरून 'फ्लोरेरे' म्हणजे फुलणं. फ्रेंचमधून तो १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. धंदा फ्लरिश झाला म्हणतो तेव्हा खरं तर धंद्याला फुलं आली असंच म्हणत असतो. 'ब्लूम' आला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, पण भाषाशास्त्रज्ञ दोघांचं मूळ एकच मानतात.

आणि मुलीला हे नक्की सांगा : गव्हाचं पीठ म्हणजे 'फ्लार', तोही 'फ्लॉवर'च. दळण चाळल्यावर जो सर्वांत बारीक, उत्तम भाग निघतो त्याला दळणाचं फूल म्हणत. दोघांचं स्पेलिंग कित्येक वर्षं वेगळं नव्हतं. जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही ते वेगळे केलेले नाहीत. मला हा शब्द फार आवडतो.

ए-३०२ : वा मॅडम! रोज कणीक मळतो आपण, हे कधी मनात आलं नाही.

डी-४०१ : काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, म्हणून बोलतो. आम्ही 'बहर' रोज म्हणतो. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहर जून-जुलैत. त्याआधी झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडायचं. पानं थोडी सुकतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात. मृगाला ताण पावसानं तुटतो. ताणाशिवाय बहर एकसारखा फुटत नाही.

बी-३०१ : भाऊ, हे भाषणात यायलाच हवं. आपला 'बहर' फारसी 'बहार'वरून, म्हणजे वसंत. आणि 'ऑरेंज' तर आपल्याच संस्कृत 'नारंग'पासून निघालेला; फारसी, अरबी, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत पोचला आणि वाटेत सुरुवातीचा 'न' गळला. संत्र्याला इंग्रजीत 'मँडरिन' म्हणतात, त्याच्याही मुळाशी 'मंत्री' आहे. मलय भाषेतून पोर्तुगीजांनी तो चिनी अधिकाऱ्यांसाठी उचलला, फळाचं नाव त्यावरूनच.

ए-२०४ : मॅडम, प्रिटी आणि हँडसम? तिला तेच जास्त हवेत.

बी-३०१ : 'प्रिटी' जुन्या इंग्रजीत धूर्त, लबाड अशा अर्थी होता. मग चतुर, मग छान जमवलेलं, आणि पंधराव्या शतकात देखणं. 'हँडसम' म्हणजे आधी हाताळायला सोपं. 'ब्युटी' लॅटिन 'बेल्लुस'वरून, त्याचं नातं 'बोनुस'शी, म्हणजे चांगलं. दिवाळीचा बोनस तोच.

'ग्लॅमर' मात्र नीट समजून घ्या. तो 'ग्रामर'चंच स्कॉटिश रूप. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिनची विद्या. पोथ्या वाचणाऱ्याला जादूही येत असेल अशी लोकांची समजूत, म्हणून ग्लॅमर म्हणजे नजरबंदी. वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे तो रूढ झाला. मोहक रूप हा अर्थ पुढचा. व्याकरण म्हटलं की मुलं तोंड फिरवतात, त्यांना मी वर्गात हेच सांगत असे.

सी-१०३ : 'थ्राइव्ह'पण घ्या ना, भरभराट होणं या अर्थाचा. आमच्या कारखान्यात थ्रिफ्ट सोसायटी होती, त्याचा काही संबंध?

बी-३०१ : आहे की! दोन्ही नॉर्समधले. मूळ क्रियेत घट्ट धरून ठेवणं हा भाव. थ्रिफ्ट आधी भरभराट होता, काटकसर हा अर्थ नंतर आला.

ए-२०४ : आणि पल्क्रिट्यूड? पाठ होत नाही म्हणते.

बी-३०१ : काढून टाका. लॅटिन 'पुल्खेर' म्हणजे सुंदर, एवढंच त्यात आहे, आणि बोलताना तो कोणी वापरत नाही. फ्लार, ग्लॅमर, ऑरेंज आणि काटोलचा बहर घ्या, भाषण पुरतं. उद्या सातला पाठवा तिला, शब्दकोश काढून ठेवते.

डी-४०१ : ताण-बहराबद्दल विचारायचं असेल तर मीही येतो मॅडमकडे.