मदत हवी आहे: दवाखान्यातच नमुने तपासते, पण आकड्यांवर भरवसा ठेवावा की नाही कळत नाही

नमस्कार मंडळी,

मी पशुवैद्यकीय परिचारिका आहे. साध्या तपासण्या बाहेर न पाठवता जागेवरच करायच्या असं आमच्याकडे ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. रक्तपेशी मोजायचं यंत्र, बायोकेमिस्ट्रीचं यंत्र, छोटं सेंट्रिफ्यूज (नमुना गरगर फिरवून त्यातले थर वेगळे करणारं यंत्र), रिफ्रॅक्टोमीटर (द्रवाची घनता दाखवणारं उपकरण) आणि बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक एवढं सामान आहे. यंत्रं बसवायला आलेल्या माणसाने कुठलं बटण कधी दाबायचं ते दाखवलं. नमुना यंत्रापर्यंत धड कसा पोचवायचा आणि आलेला आकडा कधी मानायचा, कधी नाही, हे मात्र कुणी शिकवलं नाही. डॉक्टर त्याच आकड्यावरून सलाईन ठरवतात, औषध ठरवतात. मुकं जनावर काही सांगू शकत नाही, म्हणून मला हे नीट यायलाच हवं.

सध्या अडलेल्या गोष्टी अशा:

एका टुणटुणीत कुत्र्याचं पोटॅशियम भलतंच जास्त आणि कॅल्शियम भलतंच कमी आलं. डॉक्टरांचा विश्वास बसेना. रक्त पुन्हा घेतलं तर दोन्ही नॉर्मल. पहिल्या वेळी काय झालं असेल?

सकाळी घेतलेल्या रक्तातली साखर दुपारी तपासली की हमखास कमी येते. यंत्राचं कॅलिब्रेशन तर ठीक आहे.

मांजरांच्या प्लेटलेट्स यंत्र जवळजवळ दर वेळी कमी दाखवतं. एवढ्या मांजरांना एकच आजार कसा असेल?

स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) रंगवला की तांबड्या पेशींवर चमकदार ठिपके दिसतात. बबेसिया (तांबड्या पेशींत राहणारा परजीवी) म्हणावं का? शिवाय स्मिअर कधी जाड होतो, कधी मधेच तुटतो.

लघवीत भरपूर स्फटिक दिसतात, पण त्या जनावराला लघवीचा काहीच त्रास नसतो.

आणि शेणात मला पर्णकृमीची अंडी कधीच सापडत नाहीत. त्याच गाईंचं शेण बाहेरच्या लॅबला दिलं की तिथे सापडतात. मी मिठाच्या संपृक्त द्रावणाची तरंगण पद्धत वापरते.

यातलं आधी काय पक्कं करावं? आणि रिपोर्टमध्ये परिचारिकेने किती लिहावं, कुठे थांबावं? सविस्तर उत्तरं दिलीत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं प्राण्यांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर यंत्राच्या आधीच्या टप्प्यात आहे. रक्त शिरेतून निघाल्यापासून यंत्रात जाईपर्यंत जे होतं, तिथेच निम्मे रिपोर्ट बिघडतात.

पोटॅशियम-कॅल्शियमची जोडी बघितली की मी पहिला प्रश्न विचारतो: ट्यूबा कुठल्या क्रमाने भरल्या? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, बहुतेक वेळा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. त्याचा एखादा थेंब जरी सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये गेला तरी पोटॅशियम चढतं, कॅल्शियम पडतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेजही खाली येतं. ही तिन्ही एकदम हलली आणि जनावर मजेत असलं तर आधी ट्यूबवर संशय घ्यायचा. उपाय सोपा आहे: सायट्रेटची ट्यूब आधी, मग साधी सीरमची, मग हेपॅरिन, आणि ईडीटीए त्यानंतर (सायट्रेट आणि हेपॅरिन हीही रक्त गोठू न देणारी द्रव्यं). ईडीटीएच्या ट्यूबच्या काठाला सिरिंजचं टोक लागलं असेल तर तीच सिरिंज पुढे दुसऱ्या ट्यूबला लावायची नाही. जांभळ्या ट्यूबमध्ये जास्त झालेलं रक्त साध्या ट्यूबमध्ये ओतणं तर मुळीच नको. घाईत नेमकं हेच घडतं.

ट्यूब खुणेपर्यंत भरा. कमी रक्त घातलं तर ईडीटीएचं प्रमाण वाढतं, तांबड्या पेशी आकसतात आणि पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते) खोटा कमी येतो. सायट्रेटमध्ये तर १ भागाला ९ भाग रक्त हे प्रमाण चुकून चालतच नाही. भरल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा, खळखळवू नका. सिरिंजने भरताना सुई काढून, झाकण उघडून, रक्त ट्यूबच्या भिंतीवरून सावकाश सोडा. बारीक सुईतून जोराने दाबलं की पेशी फुटतात आणि सीरम लाल होतं. तसं सीरम दिसलं तर रिपोर्टवर ‘नमुना हिमोलाइज्ड’ असं लिहाच. चरबीने दुधाळ झालेल्या सीरमचंही तसंच.

साखरेचं उत्तर: ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर वापरत राहतात. साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते १० टक्के साखर घटते. म्हणून रक्त गोठू द्यायचं, अर्ध्या तासाच्या आसपास सेंट्रिफ्यूज करायचं आणि सीरम लगेच वेगळ्या ट्यूबमध्ये काढून ठेवायचं. उशीर होणारच असेल तर फ्लोराइडची ट्यूब वापरा, त्यात पेशींचं हे काम थांबतं.

आता मांजरं. त्यांच्या प्लेटलेट्स फार पटकन एकमेकींना चिकटतात. यंत्राला तो गठ्ठा एक प्लेटलेट वाटतो किंवा चक्क पांढरी पेशी वाटते. त्यातून मांजराच्या प्लेटलेट्स आकाराने मोठ्या असतात, काही तर तांबड्या पेशींएवढ्या, त्यामुळे आकारावरून मोजणारी यंत्रं गोंधळतात. यंत्राने कमी दाखवलं की स्मिअर करा आणि आधी त्याचं अगदी शेवटचं पातळ टोक बघा. गठ्ठे तिथे ढकलले जातात. गठ्ठे दिसले तर ‘प्लेटलेट्स गठ्ठ्यात, यंत्राचा आकडा ग्राह्य नाही’ असं लिहा. गठ्ठे नसतील तर पेशी एकेकट्या पसरलेल्या भागात १०० च्या ऑइल लेन्सखाली दहा क्षेत्रं मोजा आणि सरासरीला १५,००० ने गुणा. तो दर मायक्रोलिटरचा अंदाज होतो. अंदाजच तो, पण डॉक्टरांना दिशा देतो.

प्रतिसाद २

वरच्या दादांनी रक्ताचं छान सांगितलंय. स्मिअरबद्दल मी लिहिते, कारण मलाही तो हाताला बसायला वेळ लागला.

थेंब लहान घ्या, केशनळीच्या टोकाला येईल एवढाच. बहुतेक जाड स्मिअर थेंब मोठा घेतल्याने होतात. काच सपाट टेबलावर ठेवा, हातात नको. दुसरी काच साधारण ३० ते ४५ अंशांत धरून थेंबाच्या दिशेने मागे आणा. थेंब काचेच्या कडेने पसरला की न थांबता, न दाबता, एका दमात पुढे न्या. वरून दाब दिला की स्मिअरला पट्टे पडतात, मधे अडखळलात की तुटतो. जनावर ॲनिमिक असेल तर रक्त पातळ असतं, तेव्हा कोन थोडा उभा करा. रक्त घट्ट असेल तर कोन कमी करा. चांगला स्मिअर काचेच्या निम्म्याहून थोडा पुढे जातो आणि शेवटी पातळ होत संपतो.

आणि आता तुमचे चमकदार ठिपके. ताई, स्मिअर झाल्या झाल्या हवेत हलवून लगेच वाळवता ना? दमट हवेत सावकाश वाळला की तांबड्या पेशींवर असे ठिपके पडतात. फिक्स करायचं मिथेनॉल ओलावा शोषून बिघडलं असेल तरीही पडतात. ओळखायची युक्ती: बारीक फोकस किंचित वर-खाली करा. ठिपका काचेसारखा लखलखला तर तो ओलाव्याचा. परजीवी असा चमकत नाही, तो रंग घेतलेला असतो आणि पेशीच्याच पातळीत दिसतो. कुत्र्यातला मोठा बबेसिया थेंबाच्या आकाराचा, बऱ्याचदा जोडीने, निळसर बाह्यभाग आणि आत गडद ठिपका असा दिसतो. त्याचा संशय असेल तर कानाच्या टोकावरचं केशवाहिनीतलं रक्त घेऊन एक स्मिअर करा, तिथे सापडायची शक्यता वाढते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: फॉर्मॅलिनची (बायॉप्सीचा तुकडा टिकवायच्या द्रावणाची) बरणी आणि न रंगवलेल्या स्लाइड एका खोलीत किंवा एका पाकिटात ठेवू नका. नुसत्या वाफेनेही पेशी नीट रंग घेत नाहीत, सगळं निळसर-हिरवट होतं. बायॉप्सीसोबत स्मिअर पाठवताना हे फार घडतं.

प्रतिसाद ३

मी पशुवैद्य आहे. लघवी आणि शेणाचं लिहितो.

लघवी अर्ध्या तासात तपासली तर उत्तम. नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा, पण थंड लघवीत स्फटिक बाटलीतच तयार होतात. तुमच्या ‘त्रास नसलेल्या’ जनावरांचं उत्तर बहुधा हेच. फ्रिजमधला नमुना साध्या तापमानाला आणून, हलवून मग तपासा आणि स्फटिक महत्त्वाचे वाटले तर ताज्या लघवीत खात्री करा. नमुना कसा घेतला तेही लिहा: धारेतून, कॅथेटरने की पोटातून सुईने. जमिनीवरून गोळा केलेल्या लघवीत जंतू दिसले तर त्यावरून मी काहीच ठरवू शकत नाही.

स्ट्रिपवरचे सगळे चौकोन माणसांसाठी बनवलेले आहेत. आपल्याकडे पांढऱ्या पेशी, नायट्राइट आणि विशिष्ट घनता हे तीन चौकोन सोडून द्या. मांजरात पांढऱ्या पेशींचा चौकोन तर खोटा पॉझिटिव्ह येतो. पांढऱ्या पेशी गाळात बघा आणि घनता रिफ्रॅक्टोमीटरवरच घ्या. रोज सकाळी त्यावर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून १.००० दाखवतोय ना ते बघा. पाणी कमी प्यायलेल्या कुत्र्यात १.०३० च्या वर आणि मांजरात १.०३५ च्या वर घनता दिसली तर मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकतंय असं मी मानतो. १.००८ ते १.०१२ मध्येच अडकली असेल तर मला ताबडतोब सांगा. गाळ बघताना कंडेन्सर (काचेखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घ्या, नाहीतर प्रकाशात कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार झालेले साचे) दिसणारच नाहीत.

पर्णकृमीची अंडी जड असतात. मिठाच्या द्रावणाची घनता साधारण १.२०, त्यात गोलकृमीची अंडी तरंगतात, पर्णकृमीची तळाशी राहतात. तुम्ही वर शोधताय आणि अंडी खाली आहेत. त्यासाठी अवसादन पद्धत करा: शेण पाण्यात कालवून गाळायचं, काही मिनिटं निथळू द्यायचं, वरचं पाणी हलकेच ओतायचं, पुन्हा पाणी घालायचं, असं पाणी स्वच्छ होईपर्यंत. तळाचा थेंब काचेवर घ्या. फॅसिओला या पर्णकृमीचं अंडं सोनेरी-पिवळं, पॅराम्फिस्टोम या दुसऱ्याचं जवळजवळ रंगहीन. गाळात मिथिलिन ब्लूचा थेंब टाकलात तर वनस्पतीचे तुकडे निळे होतात आणि सोनेरी अंडं उठून दिसतं. शेण गुदातूनच काढलेलं घ्या. गोठ्यात पडलेल्या शेणात मातीतले कृमीही मिसळतात.

रिपोर्टबद्दल: तुम्ही जे दिसलं ते लिहा, निदान माझ्यावर सोडा. ‘बबेसिया झालाय’ असं नको. ‘तांबड्या पेशींत थेंबाच्या आकाराचे जोडीने परजीवी’ असं लिहा आणि ती स्लाइड जपून ठेवा. शंका असेल तर ‘शंका’ लिहा. मला तो शब्द खोट्या ठामपणापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

आणि हातमोजे. लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, गर्भपाताच्या नमुन्यांतून ब्रुसेलोसिस. जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून न गोठणारं रक्त येत असेल तर अँथ्रॅक्सचा विचार करायचा. ते शव उघडायचं नाही, नमुन्याला हात लावण्याआधी मला फोन करायचा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार! आज एका मांजराच्या स्मिअरचं शेवटचं टोक मुद्दाम बघितलं. अगदी कडेला प्लेटलेट्सचे जांभळट झुबके होते, एकेकात मोजताही येणार नाहीत इतक्या. यंत्राने त्याच मांजराच्या प्लेटलेट्स धोकादायक कमी दाखवल्या होत्या. रिपोर्टवर तसं लिहिलं आणि डॉक्टरांनाही स्लाइड दाखवली.

ट्यूबांचा क्रम टेबलासमोर चिकटवलाय. आता आणखी दोन गोष्टी. शेळ्यांचा पीसीव्ही करताना केशनळीतली रेघ धूसर येते, नेमकं कुठे वाचायचं कळत नाही. आणि खरुजेच्या खरवडीत मला किडे क्वचितच सापडतात.

प्रतिसाद १

शेळीच्या तांबड्या पेशी कुत्र्याच्या पेशींपेक्षा बऱ्याच लहान, त्या घट्ट बसायला वेळ लागतो. कुत्र्याला ५ मिनिटं पुरतात, शेळीला १० किंवा जास्त फिरवा. नळी तीन चतुर्थांश भरा, टोक मातीने नीट बंद करा आणि समोरासमोर दोन नळ्या ठेवा. वाचताना पांढरा थर सोडून फक्त तांबडा स्तंभ मोजा. नळी फेकायच्या आधी प्लाझ्माचा (पेशींवरच्या द्रवाचा) रंग टिपून ठेवा. कुत्र्या-मांजरात पिवळा दिसला तर सांगण्यासारखं आहे, गाय आणि घोड्यात मात्र फिकट पिवळा नॉर्मल असतो. मग पांढऱ्या थराच्या वर नळी मोडून प्लाझ्माचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घ्या, एकूण प्रथिनं त्यातच कळतात. पीसीव्ही आणि प्रथिनं दोन्ही वाढलेली असली तर बहुधा शरीरातलं पाणी कमी झालंय.

प्रतिसाद २

खरवडीचं: कुठला किडा शोधताय त्यावर खोली ठरते. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहतो, म्हणून आधी कातडी चिमटीत दाबा आणि केशवाहिनीतून रक्त पाझरेपर्यंत खरवडा. सार्कोप्टेस वरच्या थरात, पण थोडे असतात, म्हणून उथळ खरवडा पण भरपूर जागी: कानाची कडा, कोपर, घोटा. खाजवून सोललेली जागा सोडून खपल्या असलेली जागा घ्या. पातं बोथट आणि लिक्विड पॅराफिनने ओलं असू द्या, म्हणजे खरवड चिकटून येते आणि किडे हालतानाही दिसतात. काच ४ च्या लेन्सने एका कोपऱ्यापासून सुरू करून पूर्ण चाळा, मग १० वर जा. सार्कोप्टेस सापडला नाही तरी ‘नाही’ असं लिहू नका, ‘या खरवडीत दिसला नाही’ असं लिहा. बऱ्याच खऱ्या रुग्णांतही तो सापडत नाही आणि डॉक्टर उपचार सुरू करून बघतात.